पाच रुपयांचा हिशेब

चेन्नईतल्या कोयंबेडू बाजारात फळे-भाजी विकणाऱ्यांपैकी अनेक जण रोजचे भांडवल रोज उसने घेतात. पहाटे सावकाराकडून १,००० रुपये उचलायचे, त्यांचा माल भरायचा, तो दिवसभरात साधारण १,१०० रुपयांना विकायचा आणि संध्याकाळी सावकाराच्या हातावर १,०५० रुपये टेकवायचे. व्याज दिवसाला ५ टक्के. राहिलेल्या ५० रुपयांत घर चालवायचे आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा त्याच दारात उभे राहायचे. अर्थतज्ज्ञ सेंधिल मुल्लईनाथन आणि मानसशास्त्रज्ञ एल्दार शफीर यांनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्कार्सिटी’ या पुस्तकात या विक्रेत्यांचा एक हिशेब मांडला आहे. समजा, एखाद्या विक्रेतीने रोज फक्त ५ रुपये वाचवले आणि ते घरी न नेता दुसऱ्या दिवशीच्या मालात घातले. मग दुसऱ्या पहाटे १,००० ऐवजी ९९५ रुपयेच उसने घ्यावे लागतील आणि व्याज २५ पैशांनी कमी होईल. हे २५ पैसेही मालातच घालायचे, वर नवे ५ रुपये. पहिले आठ-दहा दिवस हा फरक हाताला लागतसुद्धा नाही. पण वाचलेल्या व्याजाची भर पडत जाते आणि साधारण पन्नासाव्या दिवशी उसने घ्यायची गरजच संपते. तिथून पुढे पूर्ण १०० रुपये तिचे. कमाई दुप्पट, तीही विक्री एक पैशानेही न वाढवता.

काटकसरीने कर्ज फिटते याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा शोधून सापडणार नाही. पण गोष्ट इथे संपत नाही. मुल्लईनाथन यांनी डीन कार्लन आणि बेंजामिन रॉथ यांच्यासोबत चेन्नईत आणि फिलिपिन्समध्ये एक प्रयोग केला. अशा विक्रेत्यांपैकी काहींचे सावकारी कर्ज संशोधकांनीच फेडून टाकले. जे गणिताने पन्नास दिवसांत साधायचे होते ते एका दिवसात झाले. तरीही बहुतेक विक्रेते काही आठवड्यांत-महिन्यांत पुन्हा कर्जात गेले, आणि वर्ष-दोन वर्षांनी पाहिले तेव्हा कर्ज फेडून मिळालेले आणि न मिळालेले यांच्या उसनवारीत फरक उरला नव्हता. यावरून हे लोक उधळे आहेत असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि मला तो चुकीचा वाटतो. रोज १०० रुपये कमावणाऱ्या घरात मूल तापाने फणफणले, गावाकडे कुणी वारले, पावसाने दोन दिवस माल सडला, की हाताशी काही नसते. अशा वेळी भांडवलच मोडावे लागते आणि भांडवल मोडले की सावकार आलाच. कर्ज गेले होते, पण कर्ज ज्या पोकळीतून उगवते ती पोकळी तशीच राहिली होती. कर्ज फेडायला निघालेल्या घराने या दोन गोष्टी एकत्र वाचाव्यात. पाच रुपयांत ताकद आहे, हे पहिलीतून कळते. दुसरीतून कळते की त्या पाच रुपयांच्या आधी थोडी रोकड बाजूला नसेल, तर ती ताकद पहिल्याच आजारपणात वाया जाते. म्हणून काटकसरीतून सुटलेले पहिले पैसे कर्जात भरू नयेत, ते बाजूला ठेवावेत. नंतरचे सगळे मात्र एकाच, सर्वांत महागड्या कर्जावर ओतावेत. हा क्रम उलटा झाला की वर्षानुवर्षे पोटाला चिमटा घेऊनही घर आहे तिथेच राहते.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यात सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि पुढच्या काही आठवड्यांत पुणे-नगर भागातल्या अनेक गावांत कर्जरोखे जाळले गेले. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात नोंदले गेले. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या काळी साहेबांपासून सुशिक्षित शहरी लोकांपर्यंत सर्वांचे एक ठरलेले मत होते, की कुणबी लग्नात आणि सणावारांत उधळपट्टी करतो म्हणून तो बुडतो. आयोगाने वह्या आणि रोखे तपासले आणि या मताला फारसा आधार नाही असे नोंदवले. लग्नाचा खर्च कर्जात होता, पण कर्जाची सुरुवात त्यातून क्वचितच झालेली होती. धान्य, बियाणे, बैल, सरकारी सारा अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या गरजांसाठी घेतलेल्या रकमा आणि त्यांच्यावरचे व्याज यांनीच बोजा फुगवला होता. सारा भरायची तारीख आणि पीक हातात येण्याची तारीख यांत अंतर होते. ते ओलांडायला शेतकऱ्याकडे रोकड नव्हती. आजच्या पगारदार घरात सारा नाही, पण जूनमध्ये एकदम येणारी शाळेची फी आहे, गाडीचा विमा आहे, सोसायटीच्या रंगकामाची वर्गणी आहे, दिवाळी आहे. यांतली एकही गोष्ट अचानक येत नाही. तरी ती येते तेव्हा खाते रिकामे असते आणि कार्ड पुढे होते.

क्रेडिट कार्डाचे महिन्याचे स्टेटमेंट जवळून पाहावे. त्यावर दोन आकडे ठळक असतात. एक एकूण देय रक्कम आणि दुसरा किमान देय रक्कम. दुसरा आकडा बहुधा पहिल्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास असतो, आणि तेवढे भरले की दंड लागत नाही, बँकेचे फोन येत नाहीत, सारे काही सुरळीत असल्यासारखे वाटते. आता १ लाख रुपये थकले आहेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे असे धरा. भारतातल्या कार्डांवर हा दर सर्रास आढळतो. व्याज झाले ३,५०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६३० रुपये. तुम्ही ५,००० रुपये भरता तेव्हा मुद्दल फक्त ८७० रुपयांनी उतरते. दर महिन्याला असे ठरून ५,००० भरत राहिलात आणि कार्डावर नवी एकही खरेदी केली नाहीत, तर कर्ज फिटायला साडेतीन वर्षांहून जास्त काळ लागतो आणि एकूण सुमारे २ लाख १६ हजार रुपये जातात. स्टेटमेंट सांगते तसे दर महिन्याला उरलेल्या रकमेच्या फक्त पाच टक्के भरत गेलात तर हाल विचारू नका. पाच वर्षांत सुमारे २ लाख ३१ हजार रुपये भरून झालेले असतील आणि मूळ १ लाखातले ५२ हजार अजून बाकी असतील. उलट, ५,००० च्या जागी ८,००० रुपये भरता आले तर तेच कर्ज १८ महिन्यांत संपते आणि एकूण १ लाख ४४ हजारांच्या आत भागते. महिन्याचे ३,००० जास्तीचे गेले आणि त्यांनी दोन वर्षे व सुमारे ७२ हजार रुपये वाचवले. काटकसरीचा एक रुपया एवढे काम करतो ते फक्त महागड्या कर्जावरच. तोच रुपया बचत खात्यात वर्षभर पडून राहिला तर जेमतेम काही पैसे आणतो.

इथेच कोणीही विचारेल, मग पहिले पैसे बाजूला ठेवा हा सल्ला कसा बसतो? महिना चार टक्क्यांहून अधिक जाळणारे कर्ज डोक्यावर असताना २० हजार रुपये खात्यात ठेवणे म्हणजे महिन्याला आठशेहून अधिक रुपयांचे व्याज जाणूनबुजून भरणे आहे. शिवाय वेळ आलीच तर कार्ड आहेच की, तीच आपली गंगाजळी! आक्षेप खरा आहे आणि तो आकड्यांत मांडलेला असल्याने त्याचे उत्तरही आकड्यांतच द्यायला हवे. म्हणूनच ही रक्कम लहान असावी. सहा महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक ठेवा, असे आर्थिक सल्लागार सांगतात. तो सल्ला कर्जमुक्त घरासाठी आहे. कार्डाचे कर्ज असलेल्या घराला एका महिन्याचा न टळणारा खर्च पुरे. भाडे, किराणा, दूध, गॅस, वीज, औषधे, शाळेची बस, बस एवढेच. त्यावर जे महिन्याचे काही शे रुपये व्याज जाते, तो एका गोष्टीचा दाम आहे. अडचण आली तरी कार्डाला हात लागणार नाही याची खात्री त्यातून विकत मिळते. कार्डालाच गंगाजळी समजण्यात दोन धोके आहेत. पहिला, कार्डाची मर्यादा बँक कमी करू शकते, आणि नोकरी गेली किंवा हप्ते थकले अशा नेमक्या वेळी ती कमी होण्याची शक्यता जास्त. दुसरा धोका मोठा आहे. मागची बाकी पूर्ण न भरलेल्या कार्डावर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते. म्हणजे ज्या खड्ड्यातून बाहेर यायचे आहे त्यातच दर अडचणीला पुन्हा उतरायचे. ही गंगाजळी वेगळ्या खात्यात असावी, आणि त्या खात्याला यूपीआय जोडलेले नसावे. जोडलेले असले की ते पैसे शनिवारी रात्री खर्च होतात, हे सांगायला संशोधनाची गरज नाही.

आता पैसे सुटणार कुठून? काटकसर म्हटली की आपल्याकडे चहा, वडापाव आणि हॉटेल यांच्यावर आधी कुऱ्हाड येते. रोजचे २० रुपये वाचवले तर महिन्याला ६०० होतात, आणि त्यासाठी महिन्यातून तीस वेळा मन मारावे लागते. एखाद्या दिवशी ते हरतेच. याउलट काही खर्च असे असतात की एकदाच निर्णय घेतला की ते दर महिन्याला आपोआप वाचतात. घरातली दुसरी गाडी हे त्याचे ठळक उदाहरण. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, पार्किंग, पेट्रोल अशी तिची पाच तोंडे असतात. ती विकली तर एका आठवड्याच्या गैरसोयीत महिन्याचे कित्येक हजार सुटतात आणि कर्जही उतरते. भाड्याचे घर बदलणे त्याहून अवघड आहे, कारण नवी अनामत, दलाली आणि टेम्पोचे भाडे लागते. पण अकरा महिन्यांचा करार संपतोच आहे आणि चार किलोमीटर आत गेल्यावर भाडे ५ हजारांनी उतरते, तर तो हिशेब मांडायलाच हवा. वापरात नसलेले जिम, तीन-तीन ओटीटी, मुलांचे न जमणारे क्लास हे त्यानंतर. मोठे आणि ठरलेले खर्च आधी कापावेत, रोजचे छोटे सुख शक्य तितके शाबूत ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. संध्याकाळचा चहाही गेला तर माणूस तिसऱ्या महिन्यात सगळी योजनाच सोडून देतो. छोट्या खर्चांत फक्त एक बदल करावा. कर्ज फिटेपर्यंत पैसे कार्डाने देणे थांबवावे. द्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत केलेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी विद्यार्थ्यांना बोली लावायला सांगितली. ज्यांना कार्डाने पैसे द्यायचे होते त्यांची बोली रोखीने देणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. वस्तू तीच, माणसेही त्याच वर्गातली. पैसे हातातून जाताना न दिसल्याने किमतीची जाणीव बोथट होते.

काही खर्च कापणे मात्र काटकसरीत मोडत नाही. आरोग्य विम्याचा हप्ता, चालू औषधे, दुचाकीचे ब्रेक, मुलाच्या दाताचा डॉक्टर. हे टाळले की पुढच्या वर्षी तिप्पट रकमेचे नवे कर्ज घ्यावे लागते. विमा बंद करून कार्ड फेडणाऱ्या माणसाने एक धोका फेडलेला असतो आणि त्याहून मोठा उघड्यावर सोडलेला असतो.

एकाहून अधिक कर्जे असतील तर आधी कोणते? गणिताचे उत्तर एकच आहे, सर्वांत जास्त व्याजाचे. पण माणसे असे वागत नाहीत. ती सर्वांत लहान कर्ज आधी संपवतात, आणि त्यांना वेड्यात काढण्याआधी डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन यांचा २०१२ सालचा अभ्यास पाहावा. कर्जमुक्तीच्या कार्यक्रमात नाव नोंदवलेल्या अमेरिकी ग्राहकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. शेवटी कोण पूर्ण कर्जमुक्त होणार, याचा अंदाज किती रक्कम फेडली यापेक्षा किती खाती बंद झाली यावरून जास्त चांगला बांधता येत होता. एखादे खाते संपले की पुढचे संपवायचा हुरूप येतो. माझ्या मते या दोन्हींचा मेळ घालता येतो, आणि त्याचे कारण हुरुपापुरते नाही. फ्रिजचा, मोबाइलचा किंवा एखाद्या ॲपवरचा छोटा हप्ता दोन-तीन महिन्यांत संपण्यासारखा असेल तर तो आधी संपवावा. त्याने दरमहा बांधलेली रक्कम मोकळी होते आणि महिनाअखेर सुसह्य होते. बाकी सर्व बाबतीत व्याजाचा दर पाहावा. घरात सोने असेल आणि कार्डावर मोठी बाकी असेल, तर बँकेत सोने तारण ठेवून कार्ड एकरकमी संपवणे बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते, कारण सोनेतारण कर्जाचा दर कार्डाच्या मानाने कितीतरी कमी असतो. मंगळसूत्र किंवा आईच्या बांगड्या गहाण ठेवण्यातला संकोच मी समजू शकतो. पण ते सोने कपाटात राहावे म्हणून वर्षाला ४० टक्के मोजणे हाही एका अर्थाने ते थोडे थोडे विकणेच आहे. अट एकच. सोन्यावरची रक्कम हाती आली त्याच दिवशी कार्ड बंद करायचे किंवा त्याची मर्यादा अगदी खाली आणून घ्यायची. तसे केले नाही तर वर्षभराने सोने गहाण असते आणि कार्डही भरलेले असते.

गृहकर्जाची गोष्ट निराळी. एसआयपीतून १२ टक्के मिळत असताना साडेआठ टक्क्यांचे कर्ज घाईने का फेडावे, हा प्रश्न आजकाल प्रत्येक कचेरीत जेवणाच्या सुट्टीत ऐकू येतो. कार्डाच्या कर्जाबाबत हा प्रश्नच उद्भवत नाही. कोणताही फंड ४० टक्क्यांची हमी देत नाही आणि फेडलेल्या व्याजाची बचत मात्र हमखास असते. गृहकर्जाबाबत दोन्ही बाजू बोलण्यासारख्या आहेत. शेअर बाजाराचा परतावा सरासरीत मिळतो, दर वर्षी मिळत नाही, आणि हप्ता मात्र दर महिन्याला जातो. ४० लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षे मुदत, असे धरले तर हप्ता सुमारे ३४,७०० रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले २८,३०० हून अधिक रुपये व्याजातच जातात. दरमहा ५,००० रुपये जास्तीचे भरले तर हेच कर्ज पावणेपंधरा वर्षांत संपते आणि सुमारे १३ लाख रुपये वाचतात. बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतीआधी परतफेड केल्यास व्यक्तींकडून दंड घेता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच स्पष्ट केले आहे. तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या, एकट्याच्या पगारावर चाललेल्या घराने आधी फेडावे आणि तिशीतल्या, दोन पगारांच्या घराने गुंतवणुकीकडे झुकावे, असे मला वाटते. व्याजदर वाढला की बँक बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवते आणि हे पुष्कळांच्या लक्षातही येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या आदेशानुसार बँकेने अशा वेळी हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्यायचे आहे. काटकसरीतून महिन्याला दोन-तीन हजार सुटत असतील तर त्या वेळी हप्ता वाढवून घेणे हा त्यांचा चांगला उपयोग.

सर्वांत गंभीर आक्षेप अजून बाकी आहे. ज्यांच्याकडे काटायलाच काही नाही त्यांचे काय? महिना १५ हजारांत चौघांचे घर चालवणाऱ्याला काटकसर शिकवणे हा उर्मटपणा आहे, आणि कर्जबाजारीपणाचा दोष कर्जदाराच्या सवयींवर ढकलण्याची खोड दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या साहेबांचीच आहे. हे मी मान्य करतो. दख्खनच्या शेतकऱ्याला काटकसरीचा उपदेश करून कुणी सोडवले नाही. १८७९ च्या दख्खन शेतकरी दिलासा कायद्याने न्यायालयांना रोख्यावरच्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले. थकलेले व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येऊ नये हा दामदुपटीचा जुना नियमही त्याच जाणिवेतला. दर फार असेल तर कष्टाळू माणूसही बुडतो, हे आपल्या समाजाला कळत होते. म्हणून ज्याचा हप्ता त्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून वर गेला आहे त्याने आधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मागावी, दर कमी करून घ्यावा. लाज बाळगू नये. पण त्यानंतरही काटकसरीचा प्रश्न उरतो, आणि त्याचे आपल्या लोकांनी शोधलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. १८८९ साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन झाली. भारतातली ही पहिली ज्ञात परस्पर सहाय्य मंडळी मानली जाते. पुढे पगारदार नोकरांच्या पतसंस्था निघाल्या, गावोगावी महिलांचे बचत गट उभे राहिले. या सगळ्यांच्या रचनेत एक साम्य आहे. सभासदाने कर्ज घेतले तरी त्याची मासिक वर्गणी थांबत नाही. पतसंस्थेची कपात पगार हातात येण्याआधीच होते, आणि त्यात कर्जाचा हप्ताही असतो आणि बचतही. बचत गटातली बाई कर्जाचे ३०० रुपये आणि बचतीचे १०० रुपये एकाच बैठकीत ठेवते. कर्ज फेडताना बाजूला थोडे जमत राहिले पाहिजे, हे चेन्नईच्या प्रयोगातून जे दिसते ते या संस्थांनी नियमातच बसवलेले होते. शिवाय अडीअडचणीला दुसरे दारही असते. एकट्याने काटणे आणि दहाजणींनी मिळून काटणे यांत फरक आहे तो हा.

काटकसरीत जगणे राहून जाते, ही तक्रारही ऐकू येते. नातेवाइकांत लग्न असते, आहेर चुकत नाही, मुलांना सहलीला पाठवायचे असते. मुदत नसलेली काटकसर खरोखरच माणसाला कोरडे करते. पण कार्ड फेडायचे अठरा महिने म्हणजे अठरा महिने. कॅलेंडरवर शेवटची तारीख लिहिलेली असेल, घरात मुलांसकट सर्वांना बाकीचा आकडा ठाऊक असेल, तर दोन दिवाळ्या साध्या करणे जमते. आकडा लपवणारी घरे जास्त थकतात, कारण एकजण काटत असतो आणि बाकीच्यांना तो चिडचिडा का झाला हे कळत नाही. आहेराची रक्कम आधीच ठरवून महिन्याच्या खर्चात धरावी. नातेही टिकते आणि हिशेबही.

महागाई भत्ता वाढला, थकबाकी मिळाली, बोनस आला, की त्याचे काय करायचे हे तो हातात पडण्याआधी ठरलेले असावे. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी एका अमेरिकी कंपनीत, लगेच बचत वाढवायला तयार नसलेल्या कर्मचाऱ्यांपुढे वेगळा पर्याय ठेवला. पुढच्या प्रत्येक पगारवाढीतला काही भाग बचतीत जाईल, एवढे त्यांच्याकडून आधी कबूल करून घेतले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या कर्मचाऱ्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात असलेले सोडवत नाही, अजून न आलेले सोडायला मन तयार होते. राज्य सरकारी कर्मचाऱ्याने भत्त्याची वाढ जाहीर होण्याआधीच बँकेला लिहून द्यावे की कर्जाचा हप्ता एवढ्याने वाढवा. घरातल्या चर्चेला मग जागाच राहत नाही.

शेवटचा हप्ता गेल्यावरही काही कामे उरतात. बँकेकडून ना-देय दाखला घ्यावा, आणि महिन्या-दीड महिन्याने पतअहवाल काढून खाते बंद दाखवले आहे का ते पाहावे. गाडी असेल तर आरटीओत जाऊन आरसी बुकावरचा बँकेचा बोजा उतरवावा. घराची मूळ कागदपत्रे कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत परत द्यावीत आणि उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेला आदेश आहे. ती मागून घ्यावीत. आणि कार्डासाठी महिन्याला जाणारे ८,००० रुपये त्याच तारखेला खात्यातून जातच राहू द्यावेत, फक्त पत्ता बदलून. पहिले काही महिने ते त्या छोट्या गंगाजळीत जावेत, म्हणजे एका महिन्याची शिल्लक तीन-चार महिन्यांची होईल. त्यानंतर तेवढ्याच रकमेची साडेसहा टक्क्यांची आवर्ती ठेव सुरू केली तर तीन वर्षांनी सुमारे ३ लाख १८ हजार रुपये हातात येतात. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी म्हणा, छोट्या दुकानाची अनामत म्हणा, दुसऱ्याकडे हात न पसरता भागते.